केंदूरच्या वळणावरची ढोलकी

नाताळ जवळ आला की लोक मला म्हणतात, "काय पाळकसाहेब, मजा आहे बुवा तुमची आता!" मी हसतो. डिसेंबरात पाळकाची काय मजा असते ती त्याची त्यालाच माहीत. दौंडला रेल्वेच्या क्वार्टर्समधली आमची जुनी ख्रिस्ती मंडळी, तिकडे शिरूरला दुसरी, आणि मधला रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. दोन्हीकडची उपासना माझ्याच गळ्यात. रविवारच्या शाळेच्या नाटकात देवदूत कुणाची मुलगी होणार यावरून दोन आया एकमेकींशी बोलत नाहीत. निवृत्त इंजिन ड्रायव्हर आजोबांना गाणी इंग्रजीतूनच हवीत. मांडववाला फोन उचलत नाही, आणि घरी बायकोने बजावलेलं, करंज्यांच्या डब्याला हात लावाल तर खबरदार. मी सगळ्यांवर चिडतो. खरं सांगायचं तर ही चिडचिड मला हवीशी वाटते. तिच्यात असतो तोवर केंदूर आठवत नाही.

नाताळच्या आधीचे दोन-तीन आठवडे आम्ही घरोघर गाणी म्हणायला जातो. भाड्याची जीप, आठ-दहा माणसं, ढोलकी, झांजा आणि बांबूला बांधलेली कागदी चांदणी. प्रत्येक घरी दोन गाणी, एक प्रार्थना, चहा आणि शंकरपाळ्या. पूर्वी हे रात्री चालायचं. आता बिबट्या उसातून कधी बाहेर येईल याचा नेम नाही, म्हणून आम्ही दुपारीच निघतो आणि दिवेलागणीच्या आत वस्त्या सोडतो.

आमच्यात एक रीत आहे. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, तिथे पहिल्या नाताळला गाणं म्हणायचं नाही. एरवी जीप चालू असतानाही वाजत राहणारी ढोलकी ते घर दिसू लागलं की थांबते. पाळक एकटा दारापर्यंत जातो, प्रार्थना करतो, दोन शब्द बोलतो आणि परत येतो. ही रीत कुठे लिहिलेली नाही, पण ती मोडलेली मी कधी पाहिली नाही. मला तिचा अभिमान होता. आपली मंडळी दुःखाचा मान राखते, असं मी प्रवचनातही सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमचा ढोलकीवाला गेला. केंदूरचा होता, सव्वीस वर्षांचा, कंपनीत कामाला. शिफ्ट संपवून मोटारसायकलवर घरी येताना ट्रकखाली सापडला. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. गावात ख्रिस्ती घरही तेवढं एकच. दफनविधी मीच केला. माती लोटली तेव्हा ती रडली नाही. उलट मलाच विचारत राहिली, "पाळकसाहेब, जेवलात का न्हाई?" तिच्या त्या कोरड्या डोळ्यांची मला भीती बसली. पाळकाने असं म्हणू नये, पण बसली.

ढोलकी मंडळीची. आठ वर्षं ती त्याच्याच हातात होती. तो गेल्यावर आमच्यातल्या एका शाळामास्तरांनी ती घेतली. त्यांचा हात जड, पण ठेके सगळे त्याच्याकडूनच शिकलेले.

त्या डिसेंबरात आम्ही केंदूरला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. आधीच्या वस्तीवर चहात वेळ गेला होता आणि पुढे तळेगाव ढमढेऱ्याची तीन घरं राहिली होती. वळणावरून तिचं घर दिसलं, मी मास्तरांना खूण केली आणि त्यांनी ढोलकी थांबवली. ती दारात उभी होती, पदर डोक्यावर. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, अंधार पडाया लागलाय. वनखात्याची माणसं कालच सांगून गेल्यात." जीप दारासमोर हळू झाली. मला उतरायचं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. मी उतरलो नाही. बसल्या जागेवरून हात उंच केला, आशीर्वाद देतात तसा, आणि ड्रायव्हरला म्हणालो, "चला." बिबट्याचं निमित्त झालं. मी तिला घाबरलो होतो.

मंगळवारी एकटा येईन असं मनाशी ठरवलं. मंगळवारी दौंडला मीटिंग लागली, मग नाताळच आला. नवं वर्ष लागल्यावर गेलो. तिने चहा दिला, मी प्रार्थना केली, तिने आमेन म्हटलं. गाण्यांचा विषय तिनेही काढला नाही आणि मीही नाही.

पुढचं वर्षभर तिने माझी पाठ सोडली नाही. उपासनेत गाणं संपून ढोलकी थांबली की त्या शांततेत मला ती दारात उभी दिसायची. दौंड स्टेशनवर मालगाडी धडधडत निघून गेली आणि फलाट शांत झाला की पलीकडे ती. एकदा भांडगावला आजारी माणसाला भेटायला गेलो होतो. हायवेच्या कडेला कुणीतरी बाई बसची वाट बघत होती, पदर डोक्यावर. मी गाडी थांबवली, जवळ जाऊन बघितलं आणि त्या अनोळखी बाईची माफी मागून निघालो. पवित्र शास्त्र उघडलं की अक्षरं दिसत होती, पण मन वळणावर. मी प्रार्थना करायचो, पण ती तिच्यासाठी नसायची. मला हे दिसू नये म्हणून असायची. याची लाज अजून वाटते.

गेल्या डिसेंबरात घरांची यादी करायच्या आधीच मी एक दिवस भर दुपारी मोटारसायकल काढली आणि केंदूरला गेलो. ती अंगणात शेवंती निवडत बसली होती. मी उभ्यानेच सांगून टाकलं, "मावशी, त्या वर्षी मी तुमच्या दारावरून तसाच पुढे गेलो. माझं चुकलं."

तिने फुलांवरचा हात काढला नाही. "तुम्ही उतरला न्हाई त्याचं काय न्हाई, पाळकसाहेब. मानसाला कामं असत्यात." पुढचं फूल उचलत म्हणाली, "पर ती ढोलकी."

मला वाटलं, वाजवल्याचा राग असेल. मी रीत समजावू लागलो. तिने मला थांबवलं.

"त्या दिशी दुपारधरनं मी वळनाकडं कान लावून बसले व्हते. मंग आली ऐकू. हात दुसऱ्याचा हाय, कळत व्हतं मला. मी काय येडी न्हाई. पर ती वाजत व्हती तवर वाटलं, येतुया. गान्याच्या दिशी त्यो सगळ्यांच्या आधी घरात शिरायचा, पानी मागायचा. म्हनून मी तांब्या भरला आन् दारात आले." तिने एक खराब फूल बाजूला टाकलं. "आन् माझं दार आलं तशी ती बंद पडली. त्याला मातीत ठिवला तवा मला कळलं नव्हतं. ढोलकी थांबली तवा कळलं, त्यो गेला."

मी खाली बसलो. इतकी वर्षं दुःखात असलेल्यांशी बोलायचंच माझं काम, आणि रडू मलाच आलं. ती फुलं निवडत राहिली. मग मी विचारलं, "मावशी, यंदा काय करू? वाजवू का नको?"

"वाजवा की," ती म्हणाली. "पर थांबू नगा. माझ्या दारापुढं न्हाई, म्होरंबी न्हाई. वाजवत वाजवत लांब जावा. कामाला निघालेलं मानूस जातं तसं जाऊ द्या त्याला."

आम्ही गेलो. निघताना जीपमधल्या सगळ्यांना मी सांगितलं होतं. वळणाच्या बरंच आधी मास्तरांनी ठेका धरला. ती दारात होती. आयुष्यभर मी दारापुढे थांबत आलोय, तेच माझं काम. त्या दारापुढे उतरण्यासाठी माझा पाय आपोआप खाली जायला लागला, तो मी हाताने धरून ठेवला. ड्रायव्हरने वेग कमी केला नाही. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. तिची नजर ढोलकीवर होती, आणि जीप पुढे गेली तशी ती रस्त्यावर आली.

गाव मागे पडलं. कॅनॉलचा पूल गेला, ऊस लागला. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आता पुरे का, असं. मी मागे वळून पाहिलं, तर नुसता रस्ता होता. तिला अजून ऐकू येत असेल की नाही, हे मला सांगता येईना. मी मान हलवून नको म्हटलं. ढोलकी केंदूरात किती लांबून ऐकू येते हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तळेगावच्या बाजारातली माणसं वळून बघायला लागली तरी मास्तर वाजवतच होते.