दोन अर्ध्यांची मोटार

फिंटन गिल्मार्टिन आमचा शेजारी. सगळ्या मेयो परगण्यात गुरांची त्याच्याइतकी पारख कुणाला नव्हती. चालीवरून तो गाईचं दुखणं ओळखायचा. मोटारीतलं मात्र त्याला काही कळत नव्हतं. एकाहत्तर साली बायको ऑनरच्या गुडघ्यांना सायकल झेपेना, तेव्हा तो मोटारही गाईसारखीच घ्यायला गेला.

मध्यस्थ म्हणून माझा नवरा युजीन सोबत होता. गुरांच्या बाजाराची रीत अशी, की विकणाऱ्याला तोंडावर खोड विचारायची. तो नाही म्हणाला की मध्यस्थ दोघांचे हात मिळवतो. त्यानंतर जनावर तपासणं म्हणजे विकणाऱ्याचा अपमान.

"हिच्यात काही खोड?" फिंटनने गॅरेजवाल्या कोस्टेलोला विचारलं.

"तुझ्या बायकोइतकी धडधाकट आहे."

"तिचे गुडघे गेलेत रे."

"हिचे शाबूत आहेत. आण तो हात."

युजीनने हात मिळवले. गाडीखाली कुणी वाकून पाहिलं नाही.

सात आठवड्यांनी चर्चमधल्या मिस्साहून परतताना वळणावर मोटार मधोमध तुटली. दोन मोडक्या गाड्यांचे अर्धे भाग जोडून वरून रंग दिला होता. ऑनर जागीच गेली.

फिंटनला भरपाईची पर्वा नव्हती. कोस्टेलो खोटं बोलला हे कोर्टात ठरावं, एवढंच त्याला हवं होतं, कारण त्या आवारात आणखी गाड्या विकायला उभ्या होत्या. पावतीवर 'आहे तशी' असं छापलेलं, म्हणजे नंतर खोड निघाली तर विकणारा जबाबदार नाही. तोंडी शब्दाला साक्षीदार एकटा युजीन.

"सांगशील ना तू?" मी विचारलं.

"कोस्टेलो माझ्या बहिणीचा दीर आहे."

"मग?"

"मग मला नीट आठवत नाही, मार्गरेट."

सौदा झाला त्या संध्याकाळी चहा घेताना त्यानेच हसत सांगितलेलं सगळं मी रोजनिशीत शब्दशः लिहिलं होतं. वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने वाचली, मिटली.

"तू कुठे होतीस तिथे?" म्हणाला.

कोर्टात त्याने सांगितलं, गलका होता, ऐकू आलं नाही. वही माझ्या पिशवीत होती. मी शेवटच्या बाकावर बसले होते आणि बसूनच राहिले. दावा फेटाळला गेला.

पुढे ग्राहकांसाठी कायदे आले. फिंटनने त्यांची चौकशीही केली नाही. पण कुणी जुनी मोटार घ्यायला निघालं की तो न बोलावता जायचा आणि आहे त्या कपड्यांनिशी गाडीखाली उताणा पडून जोड चाचपायचा. आम्ही घ्यायला निघालो तेव्हाही आला. बराच वेळ खाली होता. बाहेर आला तेव्हा कोटाला ऑइल लागलं होतं.

"घेऊ नकोस, मार्गरेट. खालची आधाराची पट्टी गंजलीय," तो मला म्हणाला.

युजीनने आभार मानायला हात पुढे केला. फिंटन टोपी घालून निघून गेला.