आईनं धरलेला सोमवार

धुळ्याला कॉलेजात असताना मी सोमवार धरला. मग गुरुवार, चतुर्थी, एकादशी. पुढे पुढे तर साबुदाणासुद्धा जड वाटायला लागला. वजन उतरलं की आतून बरं वाटायचं, पण हे कोणाला सांगायची सोय नव्हती. पहूरला घरी आले की शेजारच्या बाया आपापल्या पोरींना सांगायच्या, हिच्यासारखं करा जरा. जळलं मेलं ते कौतुक. माझे केस मुठीनं गळत होते आणि गल्ली माझ्या भक्तीचे गोडवे गात होती.

प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या कोसळले, तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं, की हा उपवास नाही, आजार आहे, जेवणाचाच आजार. त्यावर उपचार करणारी मंडळी लांब, मोठ्या शहरात. नंबर लागायला काही महिने. तोवर वजन आणखी उतरलं तर जिवाला धोका आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. आणि हातात काय दिलं, तर मोबाइलमधलं एक अ‍ॅप. प्रत्येक जेवणाला ते विचारणार, काय खाल्लं, सोबत कोण होतं, मनात काय आलं. लिहिलेलं एक समुपदेशक ताई वाचणार. मला हसूच आलं. अन्न पोटात जात नाही आणि म्हणे मोबाइलमध्ये भरा.

घरी आल्यावर आईनं काय करावं? माझ्या जिवासाठी सोळा सोमवार धरले. मी जेवावं म्हणून ती उपाशी. दुपारी माझ्यापुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढून ती रिकाम्या हातांनी बसायची, माझ्या तोंडाकडे बघत. डोकंच फिरायचं माझं. पण रागाखाली दुसरंच काही होतं. तिला उपाशी राहायची मुभा होती, मला तिचा हेवा वाटायचा. मी ताट सरकवून उठायचे.

असे दोन-तीन सोमवार गेल्यावर मी चिडून अ‍ॅपमध्ये खरं ते लिहून टाकलं. आईचा उपवास आहे, मला तिचा हेवा वाटतो, जेवले नाही. दुसऱ्या दिवशी ताईंचं उत्तर आलं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "हे आईंना वाचून दाखवाल का?"

आठवडाभर धीर झाला नाही. पुढच्या सोमवारी ताट समोर आलं तेव्हा मी मोबाइल काढला आणि वाचलं. हेवा या शब्दाला आवाज फुटेना. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर डॉक्टरांना शिव्या घालेल. दोन्ही झालं नाही. व्रत मध्येच मोडणं म्हणजे तिच्या लेखी संकटाला घरात बोलावणं. मोडलं आणि मला काही झालं, तर तिनं स्वतःला कधीच माफ केलं नसतं. बराच वेळ ती देव्हाऱ्याकडे बघत बसली. मग उठून आपलं ताट घेऊन आली आणि सोमवारी, भरदुपारी, भाकरीचा तुकडा मोडला.

"देवाले काय सांगायचं ते मी सांगीन," ती म्हणाली. "तू जेव, माय."

तिनं घास तोंडात घातला. भीतीनं तो तिला गिळवेना. मीही एक घास घेतला, तोही खाली उतरेना. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नुसत्या चावत राहिलो, आणि आधी मी गिळला.