काटवलाच्या नर वेलाच्या शोधात आर्वीपर्यंत

"एका फुलाचा फोटो बघून कोणी पुण्याहून वर्ध्याला जातं का?" नवऱ्याने विचारलं. मी तोवर तिकीट काढून मोकळी झाले होते.

झालं असं, की झाडापानांचा फोटो टाकला की चित्रावरून नाव सुचवणारं एक ॲप आहे. ते नाव बरोबर आहे का, हे माझ्यासारखी हौशी मंडळी तपासतात. आर्वीजवळच्या एका खेड्यातल्या छायाताई त्यावर त्यांच्या बांधावरच्या काटवलाचे फोटो टाकायच्या. काटवल म्हणजे आपली करटुली. ॲप म्हणायचं काटवल, मी म्हणायचे बरोबर, की पुढचा फोटो. यंदा त्यांनी फोटोखाली लिहिलं, "दोन सालापासून फळ नाई. पोळ्यापर्यंत वाट पाहू, मंग उपटून टाकू." तेव्हा कुठे मी जुने फोटो नीट पाहिले. प्रत्येक फुलाखाली काटेरी गोळी, म्हणजे सगळे वेल मादी. काटवलात नर वेल वेगळा असतो आणि तो तिथे एकही दिसेना. नाव बरोबर म्हणून मी दोन वर्षं नंदीबैलासारखी मान डोलावत बसले होते! फोन केला तर त्या म्हणाल्या, "मले असं फोनवर नाई समजत ताई, येऊनच पाहा ना."

रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी वर्धा. स्टेशनबाहेर तर्री पोहे खा, पण तर्री वेगळी मागा, नाहीतर माझ्यासारखं नाक पुसत बसाल. तिथून आर्वीची एसटी दीड-दोन तास घेते, बायकांना अर्धं तिकीट. ऑगस्टात दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन. डुलकी काढायची असेल तर परतीच्या वाटेवर काढा.

आर्वीच्या स्टँडवर छायाताई स्कूटी घेऊन उभ्या होत्या. पंचेचाळिशीच्या, उंच, बोलायला चटपटीत. "जय भीम ताई. बॅग मांडीवर घ्या, रस्ता खराब हाय," म्हणाल्या आणि निघाल्यासुद्धा. घरी ज्वारीची भाकर, झुणका, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. अंगणात बसलेल्या सासऱ्यांनी मला विचारलं, "एवढ्या लांबून वांझ वेल पाहाले आल्या तुमी?" छायाताई खाली मान घालून वाढत राहिल्या. कंद टेकडीवरून आणून लावायची कल्पना त्यांची होती, आणि घरात रोज हे ऐकणंही त्यांच्याच वाट्याला होतं.

बांधावर त्यांनी सगळं सांगितलं. "पयल्या साली फळं धरली होती. पण काही वेलांले नुसतं फूल ये. फुकट जागा अडवून राह्यले म्हणून म्याच उपटले. निंदणात माहा हात कोणी धरत नाई, ताई."

तेच नर होते, हे मी सांगितलं. त्या वेलांकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे म्याच मारले."

 मी फोटो कुठले ते दाखवणारा ॲपचा नकाशा उघडला. पंधराएक किलोमीटरवर टेकडीच्या पायथ्याशी एका अनोळखी माणसाने काटवलाचं फूल टिपलं होतं, आणि नशीब बघा, बाजूने टिपलं होतं. फुलाखाली गोळी नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्कूटीवर तिकडे गेलो. नकाशावरचा ठिपका आम्हाला थेट एका कपाशीच्या शेताच्या मधोमध घेऊन गेला. तिथून कुंपणाकुंपणाने शोध. मी फोन धरला की तो प्रत्येक वेलाला इमानदारीत काटवल म्हणे. छायाताईंनी शेवटी मला बाजूला केलं आणि कळ्या दोन बोटांनी उचलून खालून पाहायला लागल्या. तासाभराने बाभळीच्या आडून आवाज आला, "ताई, या इकडे. नर हाय."

मी म्हटलं, कंद काढू या. त्या म्हणाल्या, "आता काढला तर कंद मरून जाईन. वेल वाळला का येईन मी." खुणेला दगड ठेवला आणि उमलायला आलेल्या कळ्यांची डहाळी पाण्याच्या बाटलीत खोचून आणली.

दिवस मावळताना काटवलाची फुलं उघडतात. नराचं फूल हलकेच मादीच्या फुलावर टेकवायचं, मग खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. मी दोन फुलं केली तोवर त्यांची दहा झाली. सासरे काठी टेकत येऊन बघत राहिले. "हे असं अस्ते का?" एवढंच म्हणाले आणि दोरा तोडून द्यायला बसले.

पुण्यात आल्यावर पाचव्या दिवशी फोन. "ताई, गळले नाई. गोळी फुगून राह्यली." मी ऑफिसात होते, तिथेच डोळे भरून आले. त्या अनोळखी माणसाच्या फोटोखाली जाऊन मी आभार लिहिले, सगळी हकिगत लिहिली. त्याने उत्तर दिलं नाही, पण ते ऋण आहेच. छायाताईंचं तर किती मानू? वेल ओळखायला त्यांनी मला शिकवलं.

पोळा होऊन गेला, वेल बांधावर आहेत. परवा ॲपवर दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणा बाईने काटवलाचं फूल टाकलं होतं, समोरून. मी लिहायला गेले तर खाली आधीच कुणीतरी लिहिलेलं, "ताई, खालून फोटो टाका. अन् फळ नाई म्हणून कोणताच वेल उपटू नका, मले पयले विचारा. — छाया, आर्वी."