आबांची बादली

उसाचं पाचट जाळलेल्या रानात पाणी सोडलं की ओल्या राखेचा वास सुटतो. परवा बांधावर उभा असताना तो नाकात शिरला आणि आबांची बादली आठवली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. परतीच्या पावसात ओढ्याचं पाणी आमच्या सणसरच्या वस्तीत शिरलं. संडासाची टाकी तुंबली आणि भांड्यातून काळं, बुडबुडणारं पाणी उलटं वर आलं. आम्ही कसंबसं बांधाकडेला जायचो. पण आबांचं, माझ्या वडिलांचं, खुब्याचं हाड मोडलेलं. आईनं जुन्या खुर्चीची वेताची बैठक कापली आणि खाली बादली ठेवली.

"सरपंचाची खुर्ची घावली न्हाय, ही तरी घावली," पहिल्यांदा बसताना आबा हसत म्हणाले.

बादली लांबच्या खड्ड्यात ओतायचं काम माझ्याकडं आलं. वर राख टाकली तरी कडेनं पिवळं पाणी हिंदकळायचं, बोटांवर उडायचं. तिच्यावरच्या माश्या उठून माझ्या ओठांवर बसायच्या. दाराबाहेर पडताच मला मोठमोठ्यानं ओकाऱ्या यायच्या. आबांची खाट दाराशीच होती.

दोन दिवसांतच ते भाकरी परत पाठवू लागले. एका संध्याकाळी मी पाण्याचा तांब्या नेला.

"आबा, दोन घोट तरी घ्या."

"तान न्हाय रं. तू जा, पड जरा."

त्यांच्या ओठांची सालं निघाली होती. माझ्या ओकाऱ्या ऐकून ते तहानलेले राहताहेत, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी आग्रह केला नाही. उद्या बादली हलकी असेल, या विचारानं मला बरं वाटलं आणि भरलेला तांब्या मी तसाच परत नेला.