चाचांचा उघडा कान

अख्ख्या शिरूर तालुक्यात कुणाचंही काही न ऐकणारा आणि तरीही सगळ्यांत चांगलं ऐकणारा माणूस एकच, आमचे चाचा. शिक्रापूरच्या हायवेमागच्या आमच्या शेडमध्ये ते प्लाझ्मा टॉर्च चालवायचे. मी तिथला क्वालिटीचा माणूस, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हेच माझं काम. साहजिकच आमचं पहिल्या दिवसापासून वाजलं.

टॉर्चची गोष्ट साधी आहे. मधे टंगस्टनची सळई, भोवती तांब्याचं नोझल, आणि दोघांच्या मधे विजेचा आर्क, म्हणजे सलग ठिणगी. त्यातून गॅस सोडला की पांढरीशुभ्र ज्वाळा निघते. तिच्यात सिरॅमिकची पावडर सोडायची, ती वितळून यंत्राच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर बसते आणि शाफ्टला कडक कवच मिळतं. पण आर्कला एक खोड असते. तो तांब्याला एकाच जागी चावत बसतो, मग नोझल झिजतं आणि ज्वाळा अडखळते. शेवटी तांब्याचा एखादा थेंब सुटून त्या पांढऱ्या थरात जाऊन बसतो. असा शाफ्ट गिऱ्हाइकाकडे गेला की थोड्याच दिवसांत त्याचे पापुद्रे निघणार.

हे थेंब पडायच्या आधी ओळखायला पॅनलवर व्होल्टमीटर आहे. चाचा त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. टॉर्चच्या बंद खोलीचं, म्हणजे बूथचं दार वीतभर उघडं ठेवायचं, आवाज अडवणाऱ्या इअरमफची उजवी वाटी कानामागे सरकवायची आणि त्या फटीला कान लावायचा. आवाज असा की बाकीच्यांची दाढ हलावी. चाचा मात्र डोळे मिटून मान डोलवायचे. मधेच हात वर करून ओरडायचे, "बंद करा! घोगरी झालीया ती!" नोझल काढून पाहावं तर आत खड्डा पडलेला. मी म्हणायचो, "चाचा, मीटर तर ठीक होतं." त्यावर उत्तर ठरलेलं, "इन्स्पेक्टर, तुझं मीटर झालेलं सांगतंय. मी व्हायचंय ते सांगतो."

झिजलेली नोझलं ते खिडकीत ओळीनं मांडून ठेवत. हे थंड ठेवणारं पाणी कमी पडल्यानं गेलं, हे माझ्या घाईनं गेलं, असं प्रत्येकाचं कारण पाठ. बाहेरही कान स्वस्थ नसायचा. एकदा चहाच्या टपरीवर त्यांनी वाट अडवून एका ट्रकवाल्याला सांगितलं, "मागल्या चाकाचं बेअरिंग गेलंय, फुडं जाऊ नको." त्यानं हिंदीत त्यांचा उद्धार केला आणि निघून गेला. तासाभरानं पुढच्याच वळणावर तो जॅक लावून बसलेला दिसला. खुटबावला पुतण्याच्या लग्नात तर त्यांनी ऐन जेवणावळीत जनरेटर बंद करायला लावला. "खोकतोय त्यो," म्हणाले. पंगत अंधारात बसली आणि चाची चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आपल्याशी कुणी बोलत नाही, हे चाचांच्या लक्षात पाचव्या दिवशी आलं.

दर सहा महिन्यांनी मला कामगारांच्या सुरक्षेचा एक फॉर्म भरावा लागे. त्यात एक रकाना होता, 'दोन्ही कान झाकलेले असतात का?' मी बरोबरची खूण करायचो. त्यांच्या उघड्या कानामुळे माझा एकही शाफ्ट परत येत नव्हता. खरं कारण तेवढंच. मला ते तेव्हाही माहीत होतं.

एके दिवशी दौंडकडच्या एका गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपाचा शाफ्ट चढवला होता. गावाला तीन दिवस पाणी नव्हतं. टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी आत डोकावतोय. आमच्याकडे दोनच नोझलं उरली होती, एक टॉर्चमध्ये आणि एक हातात. निम्मा थर बसला तेव्हा माझं सहज चाचांकडे लक्ष गेलं. उजवी वाटी कानावर होती. उघडा होता तो डावा कान. म्हणजे उजव्यानं आता भागत नव्हतं.

मी उजवीकडून हाक मारली. मग उघड्या कानाशी ओरडलो. ते हललेसुद्धा नाहीत. पॅनलवर काटा तीन व्होल्टनं खाली आला, थरथरायला लागला. मी चाचांच्या हाताकडे पाहत राहिलो. आता वर जाईल, आता जाईल. चाचा डोळे मिटून मान डोलवत होते. त्यांनी अंगठा वर केला. झकास चाललीय.

मी बटण दाबून टॉर्च बंद केली.

नोझलच्या ओठावर तांब्याचा थेंब लोंबत होता, सुटायच्या बेतात. शाफ्टवर पडला नव्हता, पण थर अर्ध्यात थांबला म्हणजे सगळा खरवडून पुन्हा मारायचा. ड्रायव्हर कुणालातरी फोनवर संध्याकाळ होईल म्हणून सांगत होता. चाचांनी नोझल तळहातावर घेतलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "मला न्हाई आलं ऐकू."

दुसरं नोझल मी लावलं. चाचांनी दोन्ही कान झाकले आणि माझ्या शेजारी मीटरसमोर उभे राहिले. दिवस मावळायच्या आत टेम्पो गेला. मी त्या रकान्यात पहिल्यांदाच खरं लिहिलं. दोन वर्षं उशिरा.

आता चाचा वडगाव रासाईला घरीच असतात. दुपारी त्यांचा फोन येतो. चाची तो स्पीकरवर ठेवतात आणि माझं बोलणं त्यांना कानाशी ओरडून सांगतात. शेवटी चाचांचं एकच मागणं असतं, "तिच्याकडं धर जरा." मी फोन बूथच्या दाराशी धरतो. "बरी हाय," ते म्हणतात, किंवा "नोझल बघून घे."

परवा त्यांनी तसं सांगितलं तेव्हा नोझल बदलायला टॉर्च बंद केली होती. शेडमध्ये कसलाच आवाज नव्हता. तरी मी सवयीनं फोन धरला.

चाचा बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "गोड चाललीय रं."

"व्हय चाचा," मी म्हणालो. फोन स्पीकरवर होता. ती शांतता चाचींनीही ऐकली होती, तरी त्या चाचांच्या कानाशी ओरडल्या, "व्हय म्हणतोय!"