एक नाव सोडून

खडकीतल्या आमच्या घरगुती प्रार्थनासभेत शास्त्रवाचन कोणीही करो, शेवटची प्रार्थना काकांचीच असे. डोळे घट्ट मिटलेले आणि प्रत्येक वाक्याआधी "हे दयाळू पित्या". पंतप्रधानांपासून सुरुवात करून ते महापालिका, पाऊस, आजारी आणि प्रवासी असे पुढे सरकत. देवाला शहराची इतकी तपशीलवार माहिती दुसरं कोणी देत नसावं.

त्यांची मुलगी खराडीला राहते. तिने चर्चच्या मंडळीबाहेरच्या मुलाशी लग्न केल्यापासून त्यांनी तिचं नाव टाकलं होतं. त्या रविवारी वाचन नेमकं क्षमेवर होतं. प्रार्थना रस्त्यावरच्या कुत्र्यांपर्यंत आली, तेव्हा शेजारी बसलेल्या काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "अहो, आपल्या पोरीचंही नाव घ्या की. दिवस भरत आलेत तिचे."

ते थांबले. त्यांना असं अडलेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे ओठ हलले, आता नाव येणार असं मला खरंच वाटलं.

"आमेन," ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी सवयीने, मोठ्याने "आमेन" म्हटलं. निदान मी तरी गप्प राहायला हवं होतं. काकू राहिल्या. त्यांनी डोळेही उघडले नाहीत.