साबणमावशीचे ऑपरेशनआधीचे चार दिवस

माझी नणंद माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणते. ज्या इस्पितळात तिने सगळी नोकरी काढली तिथे मात्र तिला साबणमावशी म्हणायचे, आणि तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट नव्या कुणी नुसतं मावशी म्हटलं तर ती मागे वळून बघायची, दुसरी कुणी उभी आहे का म्हणून.

तिचं काम ऑपरेशनच्या हत्यारांचं. वापरून आलेल्या कात्र्या, चिमटे, पाती सगळं घासायचं, पुसायचं, हिरव्या कापडात पुडकं बांधायचं आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घालायचं. पुडक्यावर एक पट्टी चिकटवतात. त्या पट्टीवर फिकट रेघा असतात, आणि पुरेशी वाफ बसली की त्या काळ्या होतात. काळ्या रेघांचं पुडकं काचेच्या कपाटात जायचं. तिथून निघालं की ते थेट ऑपरेशनच्या टेबलाशीच उघडायचं. मध्ये कुणी उघडलं तर ते बाद, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता ही बाई तिथे इतकी चोख असली तर घरी कशी असेल! माझ्याकडे जेवायला आली की मी घासून पालथं घातलेलं ताट उचलून पुन्हा नळाखाली धरायची. माझा नवरा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, म्हणायचा, "ताई, तू जेवायला येतेस की तपासणीला?" ती म्हणायची, "तू जेव रे." आणि अर्ध्या घासावरून उठून गॅस बंद आहे का ते बघून यायची. दोन घास खाल्ले की पुन्हा एकदा.

पहिल्यापासून ती अशी नव्हती. पूर्वी चांगली हसरी, गप्पिष्ट होती. त्या गप्पांनीच घात केला. एका दुपारी बोलता बोलता तिने एक पुडकं चुकीच्या बाजूला ठेवलं. वाफ न बसलेलं पुडकं काचेच्या कपाटात गेलं. पट्टीच्या रेघा फिकट होत्या, पण घाईत आत कुणी पाहिल्या नाहीत. त्या हत्यारांनी एका मास्तरांच्या पायाचं ऑपरेशन झालं. पायात पू झाला, मास्तर दोन महिने खाटेवर पडले, आणि उठले तेव्हा पाय दोन बोटं आखूड झाला होता.

ताईने काही लपवलं नाही. पू झाल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी जाऊन स्वतः सांगितलं, माझा हात चुकला. ताकीद मिळाली, नोकरी राहिली. मास्तरांच्या पाया पडली. त्यांनी माफ केलं, अगदी मनापासून. पण हिला तेवढ्याने चैन कुठलं! दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊन त्यांचे कपडे धुवायला लागली. चार वर्षं धुतले. शेवटी मास्तरच म्हणाले, "बाई, पाय गेला तो गेला, निदान सदऱ्याच्या कॉलरी तरी राहू द्या." खरंच, घासून घासून कॉलरींच्या दशा निघाल्या होत्या.

आणि त्या दिवसापासून तिने प्रभुभोजन घेणं सोडलं. आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी, ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून, भाकरीचं तबक बाकाबाकावरून फिरतं, मागोमाग द्राक्षरसाचे छोटे पेले. ताई बाकाच्या कडेला बसायची. तबक आलं की दोन्ही हातांनी धरून मला द्यायची, वर न बघता. अकरा वर्षं. एकशेबत्तीस वेळा, असं तिनेच मला सांगितलं. ती मोजत होती.

तिची नोकरी संपायला वर्ष होतं तेव्हाची ही गोष्ट. तिच्या पोटात कळा यायला लागल्या. पित्ताशयात खडे निघाले. गुरुवारी डॉक्टर म्हणाले, सोमवारी सकाळी काढून टाकू.

ती तिथून थेट माझ्याकडे आली. खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली.

"या रविवारी प्रभुभोजन आहे," ती म्हणाली.

"आहे."

"आणि सोमवारी मी टेबलावरून उठले नाही तर?"

"पित्ताशयाचं ऑपरेशन, ताई. काही होत नाही म्हणून तूच शेकडो बायकांना सांगितलंयस."

"त्या बायका वेगळ्या. मी वेगळी."

"बरं. मग घे की या रविवारी. अडवलंय कुणी?"

"अशीच?" मी तिला केस न विंचरता लग्नाला चल म्हटल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "अशीच जाऊन घेऊ? दाखवायला काही आहे का माझ्याकडे?" मग स्वतःशीच म्हणाली, "चार दिवस आहेत. शुक्रवार, शनिवार..." आणि उठून गेली. चहा तसाच राहिला.

शुक्रवारी तिने स्वतःला घासायला काढलं. आयुष्यात ज्याचं ज्याचं वाईट चिंतलं त्याची माफी मागत निघाली. पहिल्यांदा आमच्याच जिन्यातल्या शेजारणीकडे. तिला म्हणाली, "मी तुम्हाला पाठीमागे भोंगा म्हणायचे. क्षमा करा."

शेजारणीला बिचारीला काही ठाऊकच नव्हतं. "भोंगा? मला?"

"सहा वर्षांपूर्वी. आता नाही म्हणत."

"आणि आणखी कोण कोण म्हणतं?"

खोटं बोलायचं नाही हे ताईचं सकाळीच ठरलं होतं. तिने चार जणींची नावं सांगितली. त्यातली एक मी. दुपारपर्यंत जिन्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि ताई माझ्या दारात उभी राहून म्हणत होती, "अगं, आता तर कालच्यापेक्षा जास्त झालं!"

संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब तिच्यासाठी प्रार्थना करायला आले. शांत माणूस. हळू बोलतात, बोलताना चष्मा पुसतात. त्यांनी समजावलं, क्षमा झालेली आहे, कधीच झालेली आहे. ताई ऐकता ऐकता टेबलावरचा न दिसणारा डाग पुसत होती.

"साहेब, क्षमा झाली हे मी मानते," ती म्हणाली. "क्षमा झाली म्हणजे हत्यार धुऊन झालं. पण धुतलं म्हणजे ते टेबलावर चालतं का? नाही चालत. नुसतं मळलेलं नाही एवढंच त्याचं."

"बरोबर," पाळकसाहेब म्हणाले. "म्हणून तर मी नेहमी सांगतो. ख्रिस्ताने नुसतं पाप उचललं नाही. त्याचं स्वतःचं नीतिमत्त्वही दिलं. तो जसा जगला, सरळ, चोख, ते देव आपलं म्हणून धरतो. आपण नीतिमान असतो म्हणून नाही, तो आपल्याला नीतिमान ठरवतो."

"ठरवतो. पण मी असते का तशी?"

"नसता."

"मग कसं हो!" ती जवळजवळ ओरडलीच. पाळकसाहेबांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. त्यांना वाटलं त्यांनी सोपं करून सांगितलं. सांगितलंही होतं. मलाही ते दर रविवारी कळतं आणि सोमवारी भांडी घासताना निसटतं.

शनिवारी सकाळी ताई म्हणाली, "माझ्याबरोबर इस्पितळात चल, माझी चप्पल राहिली आहे." मी चप्पल शोधायला म्हणून गेले. तिच्या खोलीत ओल्या वाफेचा आणि गरम कापडाचा वास होता. एका भिंतीला खोल मोरी, दुसरीला ते यंत्र, त्याचं दार जहाजाच्या दारासारखं चाक फिरवून लावायचं, आणि समोर काचेचं कपाट. चप्पल कुठेच नव्हती. ताईने मोरीवर हात धुतले. कोपरापर्यंत, ब्रश लावून, नखं, बोटांमधल्या फटी. मग पुन्हा धुतले. मग कपाट उघडलं.

सोमवारचं पुडकं वर चिठ्ठी लावून तयार होतं. पट्टीवरच्या रेघा डांबरासारख्या काळ्या. तिने ते टेबलावर ठेवलं, आणि मी बघते तोवर गाठ सोडली.

"अगं ताई, काय करतेस?"

"बघते. नीट झालंय का. माझ्या पोटात जाणार आहे ते." तिने एक चिमटा उचलून उजेडात धरला. स्वच्छच होता. तरी फिरवून फिरवून बघत राहिली.

तेवढ्यात आतल्या दारातून सिस्टर आली. पोरगी तिशीचीसुद्धा नसेल, पण ऑपरेशनच्या खोलीत तिचाच शब्द चालायचा. टेबलावरचं पुडकं बघून ती जागच्या जागी थांबली.

"साबणमावशी!"

ताईच्या हातून चिमटा ट्रेमध्ये पडला.

"तुम्ही? तुम्ही उघडलंत? दुसऱ्या कुणी उघडलं असतं तर तुम्ही त्याचं काय केलं असतंत?"

"मी हात धुतले होते गं," ताई म्हणाली. लहान मुलीसारखी. "दोनदा."

सिस्टरला हसावं की रागवावं कळेना. ती पुढे झाली आणि म्हणाली, "मी पहिल्या दिवशी इथे आले, हात असे वर धरून, घासून लालेलाल केलेले. तुम्ही मला काय म्हणालात? आठवतंय?"

ताई ट्रेमधला चिमटा सरळ करत राहिली.

"तुम्ही म्हणालात, पोरी, हात दिवसभर घास, तो निर्जंतुक होत नाही. कातडं आहे ते. देवाने केलेलं असलं तरी कातडं. निर्जंतुक असतो तो वरचा हातमोजा. मोजा चढव आणि मग हाताकडे बघू नकोस. मी गेली सहा वर्षं प्रत्येक नव्या मुलीला तुमचंच हे सांगते." तिने पुडकं गोळा केलं. "आता हे सगळं पुन्हा. आणि हे मी लावणार. तुम्ही घरी जा."

आम्ही निघालो. रस्ता एका बाजूने खणलेला होता, फळ्यांवरून चालावं लागत होतं. ताई पुढे, मी मागे. टायरच्या दुकानापाशी ती एकदम थांबली.

"मोज्याच्या आत हात तसाच असतो," ती म्हणाली.

"असणारच."

"म्हणजे आत मळकाच, आणि वरून..."

"आणि डॉक्टर त्याच हाताने पोट उघडतात. कुणी म्हणतं का, आधी मोजा काढून हात दाखवा?"

ती चालायला लागली. दहा पावलांवर पुन्हा थांबली. मागून येणारा सायकलवाला तिच्या अंगावरच यायचा. "अहो आजी!" तो म्हणाला. "थांब रे जरा," ही त्याला म्हणाली, जशी काही त्याची चूक. मग मला, "पण मोजा फाटतो. म्हणून तर आत हात धुवायचा."

मी काही पाळक नाही. मला एवढंच सुचलं. "ताई, हा मोजा रबराचा आहे का? ख्रिस्ताने आयुष्यभर जे केलं ते आहे हे. ते कुठून फाटेल? तुझ्या गप्पांनी?"

"मग हात धुवायचाच कशाला?"

"मास्तरांचे कपडे धुतलेस ना, ते मास्तरांना बरे पडले. कॉलरी सोडून. धू की. पण ते पुढे करून तबकाशी जाऊ नकोस. गेली अकरा वर्षं हात वर करून उभी आहेस. मोजा घेऊन समोर माणूस उभा आहे, आणि तू पुन्हा मोरीकडे वळतेस."

ती घरापर्यंत चालत राहिली, पण भराभर, कुणी मागे लागल्यासारखी. दारात कुलूप उघडता उघडता एवढंच म्हणाली, "मला नाही जमायचं." आणि दार लावून घेतलं.

रविवारी ती आली. रात्री झोपली नसावी, डोळे सुजलेले. कडेच्या जागेवर बसली. शेजारीण दोन बाकं पुढे, आमच्याकडे पाठ करून, ताठ. गीत झालं, प्रार्थना झाली. ताईचा एक पाय सारखा हलत होता, त्याने बाक हलत होतं. पुढच्या बाकावरचे आजोबा मागे वळून बघून गेले. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, आणि मंडळीतले वडील, म्हणजे सेवेला नेमलेले ज्येष्ठ, पेशाने सुतार, भला मोठा माणूस, तबक घेऊन आमच्या बाकापाशी आले. तबक ताईच्या हातात दिलं.

तिने ते दोन्ही हातांनी धरलं. आणि त्या हातांनी अकरा वर्षं जे केलं तेच केलं. तबक माझ्याकडे दिलं.

मी माझा तुकडा घेतला. काय करणार? पुढे दिलं. तबक बाकाच्या त्या टोकाला गेलं, सुतारांनी तिकडून उचललं आणि ते मागच्या रांगेकडे निघाले. मी ताईकडे पाहिलं. ती आपल्या रिकाम्या तळव्यांकडे बघत होती. घासून घासून बोटांची टोकं सोलवटली होती.

मग ती उठली. आमच्या मंडळीत त्या वेळी कुणी उठत नाही. लहान मुलंसुद्धा गप्प असतात. ती बाकांच्या मधल्या वाटेने चपला वाजवत निघाली. शेजारणीनेसुद्धा मान वळवली. सुतार तीन रांगा मागे पोहोचले होते. हिने मागून त्यांचा सदरा धरला.

"अहो, थांबा," ताई म्हणाली. हळू म्हणायला गेली, पण आवाज अख्ख्या खोलीत गेला. "माझं राहिलं."

सुतार वळले. इतकी वर्षं त्यांनी तिला कधी घेताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांना आधी कळेचना ती काय मागते आहे. मग त्यांनी तबक तिच्यापुढे धरलं. तिने तुकडा उचलला. फिरवून पाहिला नाही. तिथेच, वाटेत उभ्याउभ्या, तोंडात टाकला, आणि चावत उभी राहिली, जसं काही कुणी काढून घेईल.

जागेवर येऊन बसली तेव्हा तिला धाप लागली होती. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "पेला इकडून येतो की तिकडून?"

"इकडून," मी म्हटलं. "बस गप्प."

ती काही गप्प बसली नाही. पेला येईपर्यंत ती सारखी त्याच बाजूला मान काढून बघत होती.